पाहुण्यांसाठी पाटोडी-रस्सा की गोळाभात?

बाजाराचा वार अजून तीन दिवस पुढे, घरात कांदे-लसणाशिवाय भाजी नाही, आणि सात-आठ माणसं जेवायला येतात असा निरोप. विदर्भातल्या खेड्यात उन्हाळ्यात ही वेळ हमखास येते. अशा वेळी कामी येते ती डब्यातली चण्याची डाळ, आणि मग प्रश्न एवढाच उरतो की पाटोडी-रस्सा (बेसनाच्या वड्या आणि तिखट रस्सा) करायचा की गोळाभात (भरड्याचे गोळे घालून शिजवलेला भात). दोन्ही पदार्थ तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो. ८ मोठ्या माणसांसाठी कोणतं निवडावं, एवढंच इथे बघू. मापाची वाटी साधारण १५० मिलिलिटरची धरली आहे.

डाळीचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखा, ३ वाट्या. फरक दळणात आहे. पाटोडीला बारीक बेसन लागतं, गोळ्यांना जाडसर भरडा. चक्कीवर डाळ नेतानाच दोन वेगळे डबे करून घ्यावेत, कारण एकाचं काम दुसऱ्यानं नीट होत नाही. बारीक बेसनाचे गोळे आतून चिकट आणि घट्ट होतात. भरड्याची पाटोडी खरबरीत लागते आणि कापताना चुरते. घरात फक्त बेसन असेल, तर निवड तिथेच झाली, पाटोडी करावी.

आधी पाटोडी. ३ वाट्या बेसनाला साडेपाच वाट्या पाणी लागतं. त्यातल्या २ वाट्या पाण्यात बेसन गुठळी न ठेवता कालवून घ्यायचं. उरलेलं साडेतीन वाट्या पाणी फोडणीत उकळायचं: ३ मोठे चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, लसूण-आलं-हिरव्या मिरचीचं वाटण, हळद, तिखट, मीठ. हळद वायगावची असेल तर हात थोडा आखडता घ्यावा, तिचा रंग दाट येतो. कोरडं बेसन थेट उकळत्या पाण्यात भुरभुरवणारे हात आहेत, पण मोठ्या मापाला ते जमवणं अवघड. पिठाच्या कणाला गरम पाणी लागलं की बाहेरून लगेच चिकट थर धरतो, आत कोरडं पीठ अडकतं, आणि ती गुठळी मग कितीही सराट्यानं (उलथण्यानं) चेपली तरी फुटत नाही. कालवलेलं बेसन धार धरून ओतायचं, मध्यम आचेवर ६-७ मिनिटं न थांबता घोटायचं, मग झाकण ठेवून ४-५ मिनिटं वाफ द्यायची. गोळा कढईच्या कडा सोडतो आणि ओलं बोट लावलं तर चिकटत नाही, तेव्हा पाटोडी झाली. लगेच तेल लावलेल्या कोपरात (परातीत) ओतून ओल्या हातानं अर्धा इंच जाड थापायची. इथे रेंगाळलं की पीठ कढईतच बसतं आणि थापताना भेगा पडतात. वर सुकं खोबरं, तीळ, असेल तर सांभार (कोथिंबीर). १५ मिनिटांनी वड्या पाडायच्या.

वड्या रश्श्यात विरघळतात ही तक्रार सगळ्यांची असते. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच, वाफ कमी पडलेली असते. कच्चं राहिलेलं बेसन रश्श्यात सुटतं आणि रस्सा पिठल्यासारखा दाट होतो. दुसरं कारण वाढण्याचं. वड्या रश्श्याच्या गंजात (पातेल्यात) कधीच टाकून ठेवू नयेत. ताटात वड्या ठेवाव्यात आणि वरून उकळता रस्सा घालावा.

रश्श्याचं वाटण म्हणजे चुलीच्या आरात (निखाऱ्यात) किंवा गॅसच्या जाळावर भाजलेले ४ कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं, १२-१५ लसूणपाकळ्या, आल्याचा तुकडा, २ मोठे चमचे धणे, जिरं, थोडी खसखस, ४-५ लवंगा, ८-१० मिरे, दालचिनी, तेजपान, दगडफूल. पाऊण वाटी तेलात हे वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, मंद आचेवर १२-१५ मिनिटं तरी. भिवापुरी मिरचीचं तिखट शेवटी घालायचं आणि लगेच दीड ते दोन लिटर गरम पाणी. पाणी थंड ओतलं तर उकळी मोडते आणि तर्री वर यायला फार वेळ लागतो. तिखट आधी घातलं तर तळाशी करपून रस्सा काळसर आणि कडवट होतो. पुढची १० मिनिटांची उकळी पुरे.

इथपर्यंत पाटोडी-रस्सा सरस आहे असंच म्हणावं लागेल. दिसायला मानाचा, वासानं पाहुणा सुखावतो, आणि वड्या-रस्सा दोन्ही तास-दोन तास आधी करून ठेवता येतात. एसटी उशिरा आली तरी बिघडत नाही, रस्सा पुन्हा उकळला की झालं.

अडतं ते पुढे, तव्याशी. पाटोडी-रस्सा भाताबरोबर खाता येतो, पण पाहुण्याला नुसत्या भातावर तो कुणी वाढत नाही. पोळी किंवा ज्वारीची भाकरी लागतेच, आणि तीही गरम. ८ माणसांना साधारण ३० पोळ्या धरा. लाटणं-भाजणं मिळून एका पोळीला दीड मिनिट धरलं तरी पाऊण तास तव्यापुढे जातो. भाकरी असेल तर त्याहून जास्त. त्यात रस्सा जमला की अंदाज कोलमडतो. लोक भाकरी रश्श्यात कुस्करून खातात, दोन खाणारा चार खातो, आणि पंगत बसलेली असताना पुन्हा पीठ मळायला घ्यावं लागतं. तोवर ताटातला रस्सा निवतो, वड्या भिजून मऊ पडतात, म्हणून परत गरम रस्सा वाढा. जेवण बाहेरच्या खोलीत रंगतं आणि घरातलं एक माणूस शेवटच्या पाहुण्यानं हात धुवेपर्यंत तव्यासमोरून हलत नाही. ते माणूस कोण असतं, हे सांगायला नको. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, वर्धा या भागांत पारा ४५ च्या आसपास असतो. गॅसची ज्योत विझते आणि चुलीचा जाळ फाकतो म्हणून पंखाही लावता येत नाही. पाहुण्यांना कूलरसमोर बसवायचं आणि घरच्या बाईला जाळासमोर पाऊण तास उभं ठेवायचं, हे मला पाटोडी कितीही आवडत असली तरी पटत नाही.

यावर उपाय करून बघण्यासारखे आहेत, पण पुरे पडत नाहीत. पोळ्या आधी करून दुरडीत कापडात गुंडाळल्या तर खालच्या पोळ्या घामेजून चिकटतात, वरच्या वातड होतात. भाकरी तर अर्ध्या तासात कडक. दोन तवे लावले तर लाटायला दुसरं माणूस हवं. शेजारणीला हाक मारता येते, पण निंदणीच्या किंवा पेरणीच्या दिवसांत कोण मोकळं असतं?

गोळाभाताचा माझ्या मते सगळ्यात मोठा गुण हाच की त्यासाठी तव्यापुढे उभं राहावं लागत नाही. एक गंज, एक फोडणीची कढई, आणि जोडीला चिंचेचं सार किंवा कढी. गोळे घातल्यावर गंजाशी उभं राहण्याची गरज नाही. वाफ आपलं काम करते आणि करणाऱ्याला पाहुण्यांच्या पंगतीत बसता येतं.

मात्र तो सोपा आहे असं समजून हात घातला तर फजिती होते, म्हणून माप नीट बघा. ३ वाट्या भरड्यात मीठ, २ चमचे तिखट, हळद, पाव चमचा हिंग, हातावर चोळलेला ओवा, धणे-जिऱ्याची पूड, मिळाला तर चिरलेला सांभार. त्यावर ३ मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन घालून पिठाला चोळायचं. मूठ दाबली की मुटका बनला पाहिजे आणि बोट लावताच सुटला पाहिजे. मग पाऊण वाटी पाणी शिंपडत शिंपडत घ्यायचं. मळायचं नाही, फक्त एकत्र आणायचं. जोरात मळलं किंवा मोहन कमी पडलं तर गोळे दगडासारखे होतात. मोहन जास्त झालं तर भातात फुटतात. लिंबापेक्षा थोडे लहान असे २४ गोळे होतील, माणशी ३. मोठे करण्याचा मोह टाळा, मोठा गोळा बाहेरून शिजतो आणि मध्ये कच्चा राहतो. कच्च्या डाळीनं पोट धरलं की पाहुणा ते जेवण विसरत नाही.

तांदूळ जुना घ्यावा. दिवाळीनंतर घरात आलेला नवा तांदूळ या कामाचा नाही. तो चिकट होऊन गोळ्यांना बिलगतो आणि सगळ्याचा गिजगोळा होतो. आपल्याकडे घरोघरी मिळणारा एचएमटी यासाठी उत्तम. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवडून काढलेलं हे वाण, त्याचा दाणा बारीक आणि मोकळा. ४ वाट्या तांदूळ धुऊन २० मिनिटं भिजवायचा. कुकरऐवजी साध्या गंजात झाकण ठेवून शिजवायचं असेल तर १० वाट्या पाणी लागतं, नेहमीपेक्षा किंचित जास्त, कारण गोळेही पाणी ओढतात.

गोळे कधी टाकायचे, यावर सगळं अवलंबून आहे. भात अर्धा शिजलेला, दाणा दाबला तर मध्ये कणी लागते, आणि पृष्ठभागावर अजून पाणी दिसतं, ती वेळ. त्याआधी टाकले तर उकळीच्या धक्क्यानं फुटतात. पाणी आटल्यावर टाकले तर वाफ पुरत नाही. टाकल्यावर ढवळायचं नाही, गोळे भातात हलकेच दाबायचे, वर झाकण, झाकणावर पाणी, गंजाखाली तवा आणि मंद आच १५ मिनिटं. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) जाळावर करत असाल तर गोळे टाकताच काड्या ओढून घ्या आणि गंज नुसत्या आरावर राहू द्या. पऱ्हाटी भडकते, आणि तळ लागला की करपट वास वरच्या गोळ्यांपर्यंत जातो. एक गोळा फोडून बघा. आत सगळीकडे एकसारखा रंग आणि कच्चा वास नाही, म्हणजे उतरवायला हरकत नाही.

फोडणीच्या तेलात काटकसर नको. १ वाटी फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल, मोहरी, हिंग चांगला अर्धा चमचा, ८-१० सुक्या मिरच्या, ठेचलेला लसूण. ताटात गोळा भातात कुस्करायचा आणि वर हे तेल घ्यायचं. तेल कमी पडलं तर भात घशाला कोरडा लागतो, आणि गोळाभात कोरडा असतो असा बोभाटा होतो तो त्यामुळेच. तेल खायला नको असणाऱ्यांसाठी सार पातळ आणि भरपूर ठेवावं.

त्याचा एक दोष मान्य करायला हवा. गोळाभात वाट बघत नाही. शिजून पाऊण तास झाला की भात बसतो, गोळे सुकतात, आणि परत गरम करताना मोडतात. म्हणून तो पाहुणे यायच्या आधी शिजवूच नये. भरड्यात मसाला आणि मोहन कालवून ठेवावं, पाणी घालू नये. पाणी घालून ठेवलेला भरडा ते शोषत राहतो आणि गोळ्यांना भेगा जातात. तांदूळ निथळून ठेवावा, फोडणीचं तेल आणि सार तयार असावं. पाहुणे दारात आले की गंज चढवावा. हातपाय धुणं, पाणी, चहा, गावाकडच्या चार गोष्टी यांत ३५ मिनिटं सहज जातात, आणि तेवढ्यात भात होतो. घोटण्याची, थापण्याची, वाटण परतण्याची मेहनत इथे नाहीच.

पाहुणे कोण आहेत हेही बघावं लागतं. भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला भात म्हणजेच जेवण. बुलढाणा-वाशीमकडचा जुना माणूस भाकरीशिवाय जेवल्यासारखं मानणार नाही. त्याच्यासाठी गोळाभाताबरोबर ५-६ भाकरी आणि ठेचा ठेवला की भागतं, ३० पोळ्यांपुढे ते काहीच नाही. माळकरी पाहुणा कांदा-लसूण खात नसेल तर फोडणीतला लसूण वगळा, गोळाभाताला काही होत नाही. पाटोडीच्या रश्श्यातून मात्र कांदा-लसूण काढला की जीव जातो. दात नसलेल्यांना आणि लहान मुलांना दोन्ही चालतात, तिखट वेगळं केलं तर.

उरलेल्याच्या बाबतीत पाटोडी पुढे आहे. कोरड्या वड्या दुसऱ्या दिवशी तव्यावर तेल सोडून परतल्या की सकाळची न्याहारी होते. रस्सा मात्र उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवावा. गोळाभात कांदा घालून परतता येतो, पण पहिल्या दिवसाची चव येत नाही.

नवा जावई पहिल्यांदा येणार असेल आणि घरात लाटायला-भाजायला तीन-चार हात असतील, तर पाटोडीच करा. तिचा मान वेगळा आहे. एरवी, घरात करणारं एकच माणूस असेल तर मी गोळाभाताकडे झुकतो. फक्त पानं पंधराच्या वर गेली तर एकाच मोठ्या गंजात शिजवू नका. खालचा भात दबून चिकट होतो आणि वरच्या गोळ्यांना वाफ पोचत नाही. दोन गंज घ्या, दुसरा पहिल्यानंतर २० मिनिटांनी चढवा, म्हणजे दुसऱ्या पंगतीलाही भात गरमच मिळेल.