खान्देशच्या उन्हात डेकसाठी लाकूड: सागवान, साल, बाभूळ, पाइन की डब्ल्यूपीसी?

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बसवलेला डेक, म्हणजे अंगणातला किंवा गच्चीवरचा लाकडी फळ्यांचा ओटा, पोळ्याला फुगतो आणि पोळ्याला बसवलेल्याला आखाजीला फटी पडतात. जळगाव-भुसावळकडे लाकूड निवडताना पहिला विचार हा हवा. कोकणात लाकूड मुख्यतः पावसाने कुजतं. इथे मे महिन्यातलं ४४-४५ अंशांचं कोरडं ऊन आणि मागोमाग जूनचा दमटपणा, या ओढाताणीत ते तडकतं, पिळतं, पन्हळीसारखं वाकतं.

सागवानाचा पहिला नंबर आहे, यात वाद नाही. त्याच्या अंगात तेल असतं, त्यामुळे उधई सहसा वाटेला जात नाही. ओलावा बदलला तरी ते फार हलत नाही. ओलावा ८ वरून १६ टक्क्यांवर गेला, तर ४ इंची फळी सुमारे दीड मिलिमीटर रुंद होते. पण हे सगळे गुण गाभ्याचे. कडेच्या पांढरट भागाला यातला एकही गुण नाही. भुंगेरे, उधई, बुरशी सगळं तिथूनच सुरू होतं. घाना, नायजेरिया, इक्वेडोरकडून येणारं लागवडीचं सागवान बऱ्याचदा कोवळं तोडलेलं असतं आणि त्यात हा पांढरा भाग भरपूर निघतो. बांधावरच्या पंधरा-वीस वर्षांच्या सागाचंही तेच. शिवाय तो तोडायला महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे परवानगी लागते. बल्लारशाकडचं ‘सीपी’ (जुन्या मध्य प्रांताचं, सेंट्रल प्रोव्हिन्सेसचं) सागवान महाग पडतं, पण त्यातही फळी नजरेखालून घालूनच घ्यावी. नुसतं नाव ऐकून पैसे मोजू नयेत.

वखारीत रंग किंवा तेल मारून ठेवलेली फळी बाजूला ठेवायला सांगा. कोऱ्या फळीवर रंध्याचा एक हात मारायला लावा. गाभा सोनेरी-तपकिरी दिसतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि चामड्यासारखा वास येतो. मग फळीचं टोक बघा. वाढीच्या रेघा उभ्या असतील तर ती फळी सपाट राहील. धनुष्यासारख्या वळलेल्या असतील तर ती उन्हात वाकेल. रुंदी ४ इंचांच्या वर नको. ६ इंची फळ्या दिसायला भारदस्त, पण आपल्याकडे त्या हमखास वाकतात.

ओलाव्यासाठी मीटर नसेल तर साधा काटा पुरतो. फळीच्या मधून इंचभर तुकडा कापून वजन करा, १०३ अंशांवर ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पुन्हा वजन करा. ११२ ग्रॅमचा तुकडा १०० वर आला तर ओलावा १२ टक्के. इथल्यासाठी तेवढा चालतो. १८-२० निघाला तर ते लाकूड सावलीत, पट्ट्या घालून, थर लावून वाळू द्या.

आमच्या मते सगळ्यात चांगला सौदा म्हणजे उतरवलेल्या जुन्या माळवदी घरांच्या सागवानी तुळया. कित्येक वर्षं वाळलेलं, बहुतेक पक्क्या गाभ्याचं लाकूड. खिळे मात्र आत दडलेले असतात, ते आरागिरणीचं पातं मोडतात. चिराईआधी चारही बाजूंनी लोहचुंबक फिरवा. तुळईची जी टोकं भिंतीत होती ती पटाशीने टोचून बघा. पटाशी सहज रुतली तर तेवढा तुकडा कापून टाका.

साल वजनदार आणि मजबूत, पण वाळताना फार तडकतो आणि त्याची कुसं अनवाणी पायात जातात. खालच्या आडव्या दांड्यांना उत्तम, वरच्या फळ्यांना नको. बाभळीची गाडीची चाकं पिढ्यान्‌पिढ्या टिकली, तरी तिच्यातून लांब सरळ फळी निघत नाही; पायऱ्या आणि आखूड पायांपुरती ती घ्या, तीही काही आठवडे पाण्यात भिजवून मग वाळवलेली, नाहीतर भुगा पडतो. अंजन घनफुटाला ३० किलोच्या आसपास भरतं, सागवान १८-१९. अंजनात खिळा वाकतो. रीतसर मिळालं तर खांबाला वापरा. नीलगिरी नकोच. कांडल्यामार्गे येणारं पाइन प्रक्रिया न केलेलं असेल तर ते आत वापरायचं लाकूड, उघड्यावरचं नव्हे. प्रक्रिया केलेलं हिरवट पाइन चालतं, पण त्यात आर्सेनिक असू शकतं. त्याचे तुकडे चुलीत किंवा बंबात कधीही जाळू नका.

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली पट्टी. तिला उधई लागत नाही. तरी गडद रंगाच्या पट्टीवर मे महिन्यात दुपारी अनवाणी पाऊल टेकवत नाही. तापली की ती लांबीतही वाढते, म्हणून टोकांना फट सोडावी लागते, आणि खाली दर १२ इंचांवर आधार नसेल तर मध्ये झोल पडतो. सावलीतल्या बाल्कनीला ठीक, उघड्या गच्चीला नाही.

हिशेब १० बाय १२ फुटांच्या डेकचा. ४ इंच रुंद, १ इंच जाड, १२ फूट लांब फळ्या, मध्ये ५ मिलिमीटर फट: २९ नग, म्हणजे ९.६७ घनफूट. तूट धरून ११ घ्या. खाली ३ बाय २ इंचांचे, १० फुटी १० दांडे १६ इंचांवर: ४.१७ घनफूट. प्रत्येक सांध्यावर दोन, असे ५८० स्क्रू. ते ३०४ स्टेनलेसचेच, दोन ते अडीच इंची. साध्या लोखंडाभोवती पहिल्याच पावसात काळे डाग उतरतात. आधी छिद्र पाडल्याशिवाय स्क्रू मारू नका, फळीचं टोक फाटतं. बिलासोबत वन खात्याच्या वाहतूक परवान्याची प्रत मागा.

फट ऋतू पाहून ठेवा. उन्हाळ्यात कोरड्या फळ्या बसवताना ५-६ मिलिमीटर, पावसाळ्यात फुगलेल्या असताना ३ पुरे.

गच्चीवर दांडे पाण्याच्या उताराच्या दिशेनेच लावा आणि स्लॅबला भोकं न पाडता रबरी ठोकळ्यांवर टेकवा. जमिनीवर खरी अडचण काळ्या मातीची. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि पाये वर-खाली होतात. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या. लाकूड मातीपासून किमान ६ इंच वर हवं, नाहीतर उधईला वाट मिळते.

व्हार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेनचा लेप) नको, उन्हात त्याचे पापुद्रे निघतात. रंगद्रव्य असलेलं डेक ऑइल मेमध्ये आणि दिवाळीच्या आधी, सकाळी लाकूड गार असताना लावा; तापलेल्या फळीवर ते वरच्यावर चिकट होऊन बसतं. काहीच लावलं नाही तर सागवान राखाडी होतं, त्याने ताकद कमी होत नाही. उकळलेलं जवसाचं तेल वापरणार असाल, तर चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा एकेक मोकळी पसरून वाळवा.