नऊ महिने, पाच किटल्या आणि रोजचा कोरा चहा

आधीच सांगतो, तुमच्या घरी ममरी चहा आलं-दूध-साखर घालून उकळत असतील तर किटली कशाची घ्यावी हा प्रश्न तुमचा नाहीच. त्या चहाला पातेलं लागतं, गाळणी लागते आणि उतू जायच्या आत गॅस बारीक करणारं माणूस लागतं. पुण्यातल्या अमृततुल्यवाल्यांनी पितळी पातेल्यांवर पिढ्या काढल्या, आमच्या बाबांनी अ‍ॅल्युमिनियमच्या एकाच टोपावर निम्मं आयुष्य काढलं, दोघांचंही काही अडलं नाही. दूध-साखरेपुढे भांड्याचं काही चालत नाही. हा अनुभव पत्तीच्या कोऱ्या चहाचा आहे: बहुतेक दार्जिलिंग, थोडा निलगिरी, कधी आसामची पत्ती आणि महिन्यातून चार-पाचदा जपानी हिरवा चहा.

गेल्या दिवाळीआधी रक्ताचा रिपोर्ट आला आणि साखर बंद झाली. बिनसाखरेचा दुधाचा चहा मला घशाखाली उतरेना, म्हणून कोऱ्याकडे वळलो. पहिले पंधरा दिवस स्टीलच्या पातेल्यातच पत्ती टाकून गाळत होतो. चहा कधी कडू, कधी पांचट. मग दिवाळीत जपानमध्ये नागोयाला नोकरीला असलेला मावसभाऊ आला आणि त्याने लाल मातीची मुठीएवढी किटली हातात ठेवली. तिथून हे वेड लागलं. आज घरात पाच किटल्या आहेत: ही मातीची, शिवाय बिडाची म्हणजे ओतीव लोखंडाची, काचेची, स्टीलची आणि चिनीमातीची. शिवाय शोकेसमध्ये लग्नात आहेर म्हणून आलेला फुलाफुलांचा टी-सेट आहे, पण त्याची किटली जवळजवळ लिटरभराची. एकट्यासाठी तिच्यात दोन कप पाणी घातलं की ते बुडाशी पसरतं आणि निवतं. ती स्पर्धेत नाही.

भांड्यांकडे येण्याआधी पाण्याचं सांगतो, कारण जेवढा फरक पाण्याने पडला तेवढा पाचांतल्या एकाही किटलीने पाडला नाही. आम्ही वाघोलीच्या बाजूला राहतो, सोसायटीत निम्मा वेळ टँकरचं पाणी. त्या जड पाण्यात केलेल्या चहावर दोन मिनिटांत तेलकट दिसणारी साय धरते आणि कपाच्या कडेला तपकिरी रेघ उमटते. ते तेल नव्हे. पाण्यातला चुना आणि चहातली तुरट द्रव्यं हवेशी मिळून तो तवंग होतो. नुसत्या आरओच्या पाण्यात उलट, चहा अगदीच मुका लागतो. माझं जमलेलं प्रमाण म्हणजे तीन भाग आरओ आणि एक भाग नळाचं. हे जमेपर्यंत मी दीड महिना बिचाऱ्या किटल्यांना दोष देत होतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर आणला आणि चार-पाच रविवार बायकोच्या शिव्या खात मोजमापं केली. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. ते थंड किटलीत ओतलं की पहिल्याच क्षणी भांडं आपला वाटा उचलतं. माझ्या बिडाच्या किटलीत पाणी एकदम ८१-८२ वर आलं. चिनीमातीत ८६, काचेत ९० आणि दुहेरी भिंतीच्या स्टीलमध्ये ९२. तीच भांडी आधी उकळतं पाणी घालून, मिनिटभर ठेवून, ओतून टाकून वापरली तर चिनीमाती ९३ वर आणि बीड ९० वर आलं. म्हणजे ‘हा चहा उतरतच नाही’ अशी जी तक्रार असते, तिच्यातली निम्मी थंड भांड्याची असते.

आता बीड. ही खरेदी निव्वळ फोटो पाहून झाली. काळी, गुटगुटीत, अंगावर दाणे, वर कमानदार कडी. ८०० मिलिची आणि रिकामी असताना वजन जवळजवळ दीड किलो. जपानच्या इवाते भागातलं बिडाचं काम प्रसिद्ध आहे आणि तिथे ‘तेत्सुबिन’ म्हणतात ती किटली मुळात पाणी उकळायची असते, आतून कोरं लोखंड. आपल्याकडे चहाची म्हणून जी विकली जाते तिला आतून इनॅमलचा थर असतो. तिच्यात चहा मुरवायचा, पण तिला गॅसवर ठेवायचं नाही. दोन्हींचं रूप सारखं असल्यामुळे विकणारेही गोंधळ घालतात. मला विकणाऱ्याने ‘चहातून लोह मिळेल’ असंही ऐकवलं होतं. आत इनॅमल असताना लोह मिळणार कुठून?

मिळालं, पण चौथ्या महिन्यात. किटलीची जाळी काढताना तिची कड आपटली आणि आतल्या इनॅमलचा तांदळाएवढा टवका उडाला. दोन दिवसांनी तिथे गंज दिसला आणि चहा जांभळट-काळा यायला लागला. आधी वाटलं पत्ती खराब आली. मग आठवलं, आई मेंदी भिजवायची ती लोखंडी कढईत आणि त्यात चहाचं पाणी घालायची, रंग काळाभोर यावा म्हणून. तोच प्रकार. चहातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग होतो, जुन्या काळची शाईही याच मेळातून व्हायची. थोडक्यात, मी शाई पीत होतो. ती किटली आता गॅलरीत आहे आणि तिच्यात मनीप्लँट छान वाढतोय. न्यायाने सांगायचं तर जानेवारीच्या कडाक्यात तिच्याइतका वेळ चहा कोणी गरम ठेवला नाही. गरम करून घेतली की वीस मिनिटांनीसुद्धा दुसरा कप तोंड भाजेल असा निघायचा. चार माणसं गप्पा मारत बसणार असतील तर तिला तोड नाही. पण एकट्या माणसाला चहा गरम ठेवायचा नसतो, प्यायचा असतो.

काचेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बोरोसिलिकेटची, पातळ, स्वस्त, हलकी. उकळतं पाणी ओतलं तरी तडकत नाही आणि चव अजिबात बिघडवत नाही. रंग उतरताना दिसतो हे नवख्याला फार उपयोगी आहे. घड्याळाकडे न बघता चहा कधी थांबवायचा हे मी काचेवरच शिकलो. गवती चहा आणि पुदिन्याचा काढा तिच्यातच करावा. खोड फक्त तिच्या बांबूच्या झाकणाची. जूनमध्ये पाऊस लागला आणि आठवड्याभरात त्याला बुरा आला, मग ते फुगून किटलीत बसेना. आता वर बशी झाकतो. तुम्ही घेणार असाल तर झाकणही काचेचंच बघा.

स्टीलची दुहेरी भिंतीची किटली बाबांना आवडली, कारण पडली तरी फुटत नाही. कणखर आसाम पत्तीला ती ठीक आहे. पण नाजूक पहिल्या बहराचा दार्जिलिंग, जो मार्च-एप्रिलमध्ये खुडतात, तो तिच्यात अक्षरशः शिजतो. आत उष्णता कोंडून राहते, पानं वाफेत बसतात आणि पाच मिनिटांत फुलाचा वास जाऊन उकडलेल्या पालेभाजीचा येतो. हिरव्या चहाचं तर विचारूच नका.

आणि आता माती. माझा खरा जीव हिच्यावर. टोकोनामे हे नागोयाजवळचं कुंभारांचं जुनं गाव, जपानच्या सहा प्राचीन भट्ट्यांपैकी एक. नागोयाचा आजचा विमानतळ याच गावाच्या समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर आहे, त्यामुळे भाऊ म्हणतो की किटली घ्यायला त्याला वाट वाकडी करावी लागली नाही. किटली २०० मिलिची, लोहयुक्त लाल मातीची, झिलई म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत लेप नाही. आपल्या मडक्यासारखा ओल्या मातीचा वास तिला येत नाही, कारण ती पुष्कळ जास्त आचेवर भाजलेली असते. तोटीच्या मुळाशी मातीचीच बारीक जाळी आहे. झाकण इतकं घट्ट घासून बसवलंय की त्यावरच्या भोकावर बोट ठेवलं की धार थांबते. मूठ तोटीच्या काटकोनात आहे, मनगट जरा वळवलं की चहा कपात. पण ही सोय उजव्या हाताची. बायको डावखुरी, तिने धरली की तोटी भलतीकडेच. डावखुऱ्यांसाठीही अशा किटल्या बनतात, पण मागवून घ्याव्या लागतात. हे आधी कोणी सांगितलं असतं तर घरातला एक संवाद टळला असता.

बिनझिलईच्या मातीबद्दल फार बोललं जातं. चीनच्या यीशिंग गावची जांभळ्या मातीची किटली तर चहाप्रेमींची पंढरीच. ती चाकावर फिरवत नाहीत, मातीचे पत्रे थोपटून, जोडून घडवतात. तिच्याबाबत रिवाज असा की एका किटलीत एकाच जातीचा चहा करायचा, म्हणजे माती त्याचा वास धरते आणि चहाची चव वर्षागणिक मऊ होत जाते. मी यीशिंग घेतली नाही. हजार-बाराशेला ऑनलाइन मिळते ती हाताने घडवलेली असण्याची शक्यता मला फारशी वाटली नाही आणि खरीचे पैसे माझ्याकडे नाहीत. पण रिवाज टोकोनामेवर पाळला: त्या किटलीत फक्त दुसऱ्या बहराचा, मे-जूनचा दार्जिलिंग. हिरवा चहा तिच्या माहेरचा, तरी तो मी चिनीमातीत करत राहिलो.

पहिल्या महिन्यात मला वाटलं, चमत्कार आहे. तुरटपणा बोथट, मनुकांसारखी गोडी पुढे. मग शंका आली. बायकोला म्हटलं, मला न दाखवता ओत. सारखे कप, सारखी पत्ती, एक माती आणि एक चिनीमाती. आठांपैकी सहा वेळा मी मातीचा कप बरोबर ओळखला. मी खूश. बायको म्हणाली, ‘अरे, पण तो कप दर वेळी कोमट असतो, हात लावूनच ओळखतोस तू.’ थर्मामीटर घातला तर खरंच, छोट्या किटलीत चहा पाच-सहा अंश कमी तापमानाला मुरत होता. मग चिनीमातीतही तेवढंच निवलेलं पाणी घातलं आणि दोन्ही कप सारखे गरम ठेवले. आता आठांत चार. म्हणजे नाणं उडवल्यासारखं. नऊ महिन्यांनंतर त्या किटलीत नुसतं गरम पाणी घालूनही पाहिलं: वास हलकासा आला, चव पाण्याची. वीस वर्षांनी काय होईल ते मी सांगू शकत नाही, पण माझ्या जिभेपुरतं सांगतो, ज्याला मी मातीचा गुण समजत होतो तो बराचसा पाच अंशांचा गुण होता.

एक दुखरी गोष्टही सांगून टाकतो. भांड्यांच्या मावशी सुट्टीवर होत्या आणि त्यांच्या बदली आलेल्या ताईंनी ती किटली लिंबाच्या वासाच्या साबणाने लख्ख घासली. त्यांचा दोष नाही, घाण दिसली म्हणून काढली. पुढचे दहा-बारा दिवस प्रत्येक चहाला भांडी घासल्याचा वास. तीन-चारदा उकळत्या पाण्यात ठेवून, उन्हात वाळवून मग गेला. बिनझिलईच्या मातीला साबण नाही, नुसतं गरम पाण्याने विसळायचं आणि झाकण काढून उपडी ठेवायची. ज्या घरात भांडी चार हातांतून जातात तिथे हे पाळवून घेणं सोपं नाही.

तर रोजच्या वापरात जिंकली ती साडेचारशे रुपयांची, ३५० मिलिची, पांढरी शुभ्र, बिनफुलांची चिनीमातीची किटली. रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानात धूळ खात होती. चहाची चव पारखण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धत आहे, आयएसओ ३१०३, १९८० साली पहिल्यांदा आलेली. त्यात १०० मिलि पाण्याला २ ग्रॅम चहा, ६ मिनिटं आणि भांडं पांढऱ्या चिनीमातीचं किंवा झिलईदार मातीचं. पारखणाऱ्यांनी हेच का निवडलं ते मला आता कळतं. ती चवीत काही घालत नाही, काही काढत नाही. सकाळी दार्जिलिंग, दुपारी निलगिरी, रात्री हिरवा, मागच्याचा वास पुढच्याला लागत नाही. साबण चालतो. आत तपकिरी थर धरला की चमचाभर खाण्याचा सोडा आणि गरम पाणी, अर्ध्या तासात पुन्हा पांढरी. हिरव्या चहासाठी तर ती न तापवताच घेतो, पाणी आपोआप हवं तेवढं उतरतं. भांड्याने उष्णता खाणं हा दोष, पण इथे उपयोगी पडतो.

खोट नाही असं नाही. तोटीच्या टोकाला एकदा नळ लागून टवका उडालाय. आणि गंमत म्हणजे तेव्हापासून ती कमी ओघळते. आधी तोटीची कड जाड आणि गोल होती, त्यामुळे ओतून झाल्यावर शेवटचा थेंब कडेला चिकटून खालून पोटापर्यंत यायचा आणि टेबलक्लॉथवर डाग. आता कड धारदार झालीय, धार तुटते. मातीची किटली या बाबतीत पहिल्या दिवसापासून चोख होती.

सध्या घरात असं आहे: रोज पांढरी, रविवारी दुपारी निवांत असेन तर लाल माती, काढ्याला काच, बाबांकडे स्टील. बाबा त्या स्टीलच्या किटलीत टोपात उकळलेला दुधाचा चहा गाळून ठेवतात आणि दोन तास पुरवतात.

घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराकडे तांब्याभर पाणी मागा. किटली भरा, झाकण न धरता पूर्ण तिरकी करा, झाकण पडतं का बघा. अर्धी ओतून अचानक थांबा आणि तोटीखाली बोट फिरवा. रविवार पेठेतला तो दुकानदार माझ्याकडे बघत राहिला होता, मग स्वतःच मागून आणखी दोन किटल्या काढून पाणी ओतून बघायला लागला. तिन्हींत हीच सगळ्यांत कमी गळत होती.