सीझनलची नवी वाणं: पाऊस, थंडी आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

पुण्याजवळच्या सोरतापवाडी-उरुळी कांचन पट्ट्यात आमची मध्यम आकाराची नर्सरी आहे. माल जातो तो लँडस्केपवाल्यांकडे, सोसायट्यांकडे आणि किरकोळ विक्री करणाऱ्या छोट्या नर्सऱ्यांकडे. गेल्या पावसाळ्यापासून या उन्हाळ्यापर्यंत सदाफुली, झिनिया, पेटुनिया, झेंडू, साल्विया, इम्पेशन्स अशा सीझनलची, म्हणजे हंगामी फुलझाडांची, नवी-जुनी वाणं शेजारी शेजारी लावून पाहिली. त्यातून एक गोष्ट पक्की झाली, ती आधीच सांगून टाकतो. वाण कसं आहे हे आपल्या शेडमध्ये कळत नाही. माल गिऱ्हाइकाकडे गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी कळतं. चाचणी तिथपर्यंत न्यायची नसेल तर तो खटाटोप करूच नये, सरळ कॅटलॉग उघडून चित्रावर बोट ठेवावं.

कॅटलॉग खोटे नसतात. फक्त ते दुसऱ्या गावचे असतात. बेडिंगची, म्हणजे वाफ्यात लावायच्या फुलझाडांची, बहुतेक वाणं अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये तयार होतात आणि 'इतक्या आठवड्यांत फूल' हा आकडाही तिथलाच असतो. हॉलंडमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांपेक्षा मोठा. पुण्यात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, आणि डिसेंबरात जेमतेम अकरा. पेटुनिया मोठ्या दिवसाची, आफ्रिकन झेंडू छोट्या दिवसाचा. म्हणजे एकाच कॅटलॉगमधली ही दोन पिकं आपल्याकडे आल्यावर उलट्या दिशांना पळतात. जूनमध्ये पेरलेला बुटका झेंडू इथे थोडा उंच होतो आणि कळीला वेळ लावतो. तोच ऑक्टोबरात पेरला तर चार पानांवरच कळी धरायच्या मागे लागतो. बियाणं तेच, पाकीट तेच.

पद्धतीसाठी आम्ही डोकं फार चालवलं नाही. अमेरिकेत ऑल-अमेरिका सिलेक्शन्स ही संस्था १९३२ पासून हेच काम करते. त्यांच्या दोन सवयी उचलल्या. एक, नवं वाण एकटं लावायचं नाही. बाजारात त्याच्यासारखं जे आधीपासून विकलं जातं ते शेजारी हवंच. दुसरी, परीक्षकाला नाव कळू द्यायचं नाही, फक्त क्रमांक. ही दुसरी सवय आमच्याकडे फार कामाला आली. लेबलवर कंपनीचं नाव दिसलं की आमचे जुने माळी 'हे भारीचं आहे' म्हणून त्या ट्रेला दोन वेळा जास्त झारी फिरवतात. क्रमांक टाकल्यापासून सगळ्यांना सारखं पाणी मिळायला लागलं.

ट्रेची जागा हा दुसरा छुपा घोळ. कडेच्या ओळीतले कप्पे लवकर सुकतात. धुक्यासारखं पाणी सोडणाऱ्या फॉगरखालचे ट्रे गचगचीत राहतात. पश्चिमेच्या बाजूला दुपारी तीननंतर ऊन आत येतं. त्यामुळे एका वाणाचे सगळे ट्रे एकाच कोपऱ्यात ठेवले तर तुम्ही वाणाची नाही, कोपऱ्याची परीक्षा घेताय. प्रत्येक वाण शेडच्या तीन वेगळ्या भागांत ठेवा आणि कोणतं कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. कोकोपीटही एकाच लॉटचं हवं. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार किती येतील याचा नेम नसतो, आणि ईसी, म्हणजे क्षारांचं माप, चढलेला असला की उगवणीचा सगळा हिशोब बिघडतो.

उगवणीबद्दल एक सांगायचं आहे, कारण विक्रीला येणारा माणूस नेमकं इथेच गोड बोलतो. पाकिटावरची टक्केवारी उगवणीची असते. आपल्याला पैसे मिळतात ते लावण्याजोग्या रोपांचे. या दोन आकड्यांतला फरक वाणावाणात बराच निघतो. पेटुनियाचं बी धुळीएवढं असतं, म्हणून गोळी केलेलं येतं. त्याला उगवायला उजेड लागतो, ते झाकायचं नाही. सदाफुलीला उलट अंधार हवा. दोन्ही ट्रे एकाच पद्धतीने ठेवले आणि सदाफुलीचं एखादं वाण मागे पडलं, तर वाणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आम्ही आता रोप दोन-तीन खऱ्या पानांवर आल्यावरच मोजतो. बुटकी, तिरकी, बीजदलांवरच अडकून बसलेली सगळी बाद. एका पुरवठादाराच्या लॉटमध्ये उगवण उत्तम होती, पण रोपं तीन उंचीची निघाली. अशी रोपं कुंडीत गेली की निम्मी फुलतात आणि निम्मी नुसती पाहत बसतात. लँडस्केपवाला तो माल उचलत नाही.

आता हंगामाप्रमाणे.

पावसाळ्यात सगळा खेळ सदाफुलीचा. आपल्याकडे सदाफुली म्हटलं की गिऱ्हाईक निर्धास्त असतं, कुठेही येते म्हणून. पण ती गावठी सदाफुली. कंपन्यांच्या बुटक्या वाणांना सततच्या पावसात फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगाचा करपा येतो. देठावर काळपट डाग पडतो आणि वरचा भाग एका रात्रीत मान टाकतो. कोरा मालिका याच रोगाला तोंड देण्यासाठी तयार झाली. आमच्या उघड्या वाफ्यातही तिच्यात आणि साध्या वाणांत फरक लांबून दिसत होता. शेडमध्ये मात्र तो अजिबात दिसला नव्हता. तिथे उलट एक साधं वाण जास्त गुबगुबीत आणि मोठ्या फुलांचं होतं, आणि आमच्या सगळ्या माणसांनी त्यालाच वरचे गुण दिले होते. मुद्दाम पावसात उघड्यावर ठेवलं नसतं तर ऑर्डर त्याचीच गेली असती. रोगाला दाद न देणारं म्हणजे पाण्यात बुडवून ठेवलं तरी चालणारं, असा अर्थ मात्र काढू नका. मुळाशी पाणी साचलं की कोराही जाते.

झिनियातही तसंच. उंच, मोठ्या फुलांचा झिनिया काउंटरवर पटकन विकला जातो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्याच्या पानांवर ठिपके आणि मग भुरी ठरलेली. प्रोफ्यूजन हा झिनिया दोन जातींच्या संकरातून आलेला. फूल लहान, पण पान शेवटपर्यंत स्वच्छ. १९९९ मध्ये त्याला ऑल-अमेरिकाचं सुवर्णपदक मिळालं होतं आणि आज इतक्या वर्षांनीही आमच्या वाफ्यात त्याला मागे टाकेल असं फार काही दिसलं नाही. नवं म्हणजे चांगलं असं धरून चालणाऱ्यांनी हा एक प्लॉट बघायला यावं. टोरेनिया सावलीत आणि पावसात बिनबोभाट चालला, त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आणि हेच त्याचं कौतुक.

इम्पेशन्समध्ये साध्या वॉलेरियाना जातीला केवडा येतो, पानाखाली पांढरी बुरशी आणि मग नुसती काडी उरते. जगभर या रोगाने त्याचा बाजार बसवला होता. न्यू गिनी आणि सनपेशन्स या इम्पेशन्सच्याच प्रकारांना तो त्रास नाही. सनपेशन्स उन्हातही तगतं, पण पाणी भरमसाट पितं. ज्या सोसायटीत माळी दिवसाआड येतो तिथे एप्रिलमध्ये ते देऊ नका.

हिवाळ्याचा राजा पेटुनिया, आणि माझा सर्वात जास्त वेळ यातच गेला. मोठ्या फुलांची ग्रँडिफ्लोरा विकायला सोपी, पण एका अवकाळी सरीनंतर फुलं ओल्या कागदासारखी चिकटतात आणि मागून बोट्रायटिस ही करडी बुरशी येते. मल्टिफ्लोराचं फूल लहान, पण दुसऱ्या दिवशी वाफा पुन्हा उभा. पसरणाऱ्यांमध्ये पर्पल वेव्ह हे १९९५ चं पुरस्कार मिळालेलं वाण, जपानच्या किरिन कंपनीच्या पैदाशीतलं. त्याचा पसारा अजूनही देखणा आहे. पण ते मोठ्या दिवसाची वाट बघणारं आहे. आपल्या डिसेंबरात ते पसरतं खूप आणि फुलतं निवांत. नाताळच्या ऑर्डरसाठी ते उपयोगाचं नाही. वेव्हमधलीच ईझी वेव्ह मालिका छोट्या दिवसातही फुलावर येते, त्यामुळे आमच्यासारख्यांसाठी ती सोयीची. दोन्हींची रोपं शेजारी ठेवली की कॅटलॉगमधल्या एका ओळीचा अर्थ लख्ख कळतो.

पेटुनियाचं दुसरं दुखणं पाण्याचं. या पट्ट्यातल्या बऱ्याच बोअरचं पाणी जड आहे, बायकार्बोनेट भरपूर. मिडियाचा, म्हणजे ट्रेमधल्या कोकोपीटचा, सामू (पीएच) हळूहळू वर सरकतो, शेंड्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. पेटुनियाला साडेपाच-सहाच्या दरम्यानचा सामू लागतो. सदाफुलीलाही साधारण तसाच. झेंडूला मात्र सहाच्या वरचाच बरा, फार खाली गेला तर त्याच्या पानांवर लोह-मँगनीजच्या विषबाधेचे ठिपके येतात. तिन्ही पिकांना एकाच टाकीतून एकच खत सोडलं की कोणीतरी एक नापास होणारच. यंदा आम्ही काही ट्रे आम्ल घातलेल्या पाण्यावर ठेवले आणि काही मुद्दाम थेट बोअरच्या पाण्यावर, कारण गिऱ्हाइकाच्या नळाला आम्ल कोण घालणार? बोअरच्या पाण्यावर जी वाणं शेवटपर्यंत हिरवी राहिली त्यांना माझ्या वहीत वेगळी खूण आहे. पिवळेपणा दिसलाच तर लोहाचं ईडीडीएचए चिलेट (झाडाला लोह सहज मिळेल असं खत) वापरा. ईडीटीएवालं स्वस्त पडतं, पण चढलेल्या सामूत ते टिकत नाही.

तंबाखूचा विषय काढल्याशिवाय पेटुनियाबद्दल पूर्ण होत नाही. टोबॅको मोझॅक विषाणू तंबाखू मळलेल्या हातांतून रोपावर जातो आणि पेटुनिया त्याला लगेच बळी पडते. पानं चितकबरी होतात, वाकडीतिकडी होतात, आणि चाचणीत ते 'वाणाचा दोष' म्हणून लिहिलं जातं. आमच्याकडे आता शेंडे खुडायच्या आधी साबणाने हात धुतल्याशिवाय ट्रेला हात लावायचा नाही. साय काढलेल्या दुधात हात बुडवून काम करण्याची रीत जुनी आहे आणि ती उपयोगी पडते. पहिल्या दिवशी मावशी म्हणाल्या, "दादा, दूध झाडाला आणि आम्हाला काळा चहा?" त्या दिवसापासून चहाचं दूध वाढवावं लागलं.

सदाफुली थंडीत विकू नका, एवढंच. रात्री दहा-बारा अंशांवर आल्या की ती पिवळी पडून बसते आणि गिऱ्हाइकाला वाटतं रोगट माल दिला.

उन्हाळ्यात पुन्हा सदाफुली, चिनी गुलाब, अँजेलोनिया, गोम्फ्रेना. इथे वाणावाणातला फरक कमी दिसला, पिकापिकातला जास्त. सेरेना ही बियांवर येणारी अँजेलोनिया मला आवडली. फूल भडक नाही, म्हणून काउंटरवर कोणी पहिल्यांदा उचलत नाही, पण डिव्हायडरसारख्या रखरखीत वाफ्यात ती दिसत राहते. चिनी गुलाबाच्या नव्या वाणांचा मुख्य दावा असतो तो फूल दुपारनंतरही उघडं राहण्याचा. काही खरंच राहतात. तपासायचं असेल तर संध्याकाळी चारला जाऊन बघा. सकाळी दहाला सगळेच पास.

शेवटची परीक्षा टेम्पोची. मुंबईला जाणाऱ्या बंद टेम्पोत रात्रभर ठेवल्यावर लाल साल्वियाची फुलं गळतात, कारण बंद जागेत साचणारा इथिलीन वायू. सोबत पिकत आलेले आंबे असले तर मग विचारूच नका. साल्वियाची तीन वाणं शेडमध्ये एकसारखी दिसत होती. टेम्पोतून उतरवताना त्यातलं एकच लाल राहिलं होतं. प्रवासानंतर आम्ही रोपं हिरव्या नेटखाली खत न घालता, एक दिवसाआड पाण्यावर ठेवतो. छोट्या नर्सरीत माल असाच पडून असतो. पंधरवड्यानंतर जे विकण्याजोगं दिसतं तेच आमच्या दृष्टीने वाण.

गुण देण्यासाठी फार कलमं करू नका. आम्ही शेवटी चारच ठेवली: रोपांची एकसारखी वाढ, पहिलं फूल कधी, प्रवासानंतरची अवस्था, वाफ्यातली अवस्था. रंग, फुलाचा आकार वगैरे फोटोत दिसतंच. एका मालिकेतले सगळे रंग मात्र एकत्र तपासा. बहुतेक मालिकांत एखादा रंग आठवडाभर मागे रेंगाळतो, आणि मिश्र रंगांची ऑर्डर असली की सगळा टेम्पो त्याच्यासाठी थांबतो.

खर्चाचं म्हणाल तर बियाण्यापेक्षा जागा आणि माणसाचा वेळ महाग पडतो. दर आठवड्याला एकाच माणसाने, शक्यतो एकाच वारी, वही घेऊन फिरलं पाहिजे. दोघांनी आलटून पालटून गुण दिले तर दोघांच्या स्वभावातला फरक तेवढा वहीत उतरतो. घरी बियाण्यावर तयार केलेली वाणं आणि बाहेरून येणारी कटिंगवरची वाणं एकाच रांगेत तोलू नका. कटिंगमध्ये मातृरोपाचं आरोग्यही मिसळलेलं असतं.

येत्या पावसाळ्यासाठी आमची ऑर्डर कोरा, प्रोफ्यूजन आणि टोरेनियावर गेली आहे. हिवाळ्यासाठी मल्टिफ्लोरा जास्त, ग्रँडिफ्लोरा फक्त काउंटरपुरती. जे तयार प्लग, म्हणजे ट्रेमधली छोटी रोपं, विकत घेऊन फक्त वाढवतात, त्यांनी वाणांच्या मागे लागण्याआधी दोन-तीन प्लगवाल्यांकडून एकच वाण एकाच आठवड्यात मागवावं आणि शेजारी लावून पाहावं. आमच्या परिसरात मला वाणावाणात जेवढा फरक दिसला, तेवढाच प्लगवाल्या-प्लगवाल्यांतही दिसतो.