दोन फुटी फिश टँकचा संच : काच उत्तम, सल्ला मात्र धोक्याचा

गेल्या वर्षी जून महिन्यात पुण्यातील एका दुकानातून मी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी, तिच्यावरचे दिव्यासह झाकण, टॉप फिल्टर, हवेचा पंप, खडी आणि लोखंडी स्टँड असा पूर्ण संच ४,८०० रुपयांना घेतला. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण माझी जी तक्रार आहे ती त्या एकाच दुकानाची नाही. दोन फुटी टाकी घेणाऱ्या बहुतेकांना असाच सल्ला मिळतो, हे नंतर शेजारपाजारच्या तीन घरांतून ऐकायला मिळाले.

प्रथम वस्तूबद्दल. काच ५ मिलिमीटर जाडीची असून सांध्यांमधील सिलिकॉन एकसारखे भरलेले आहे. वर्षभरात एकाही कोपऱ्यातून पाणी पाझरले नाही. स्टँड आणि टाकी यांच्यामध्ये ठेवायला थर्माकोलचा पत्रा दुकानदाराने न मागता दिला. हा पत्रा वगळण्याची चूक कोणी करू नये, कारण पाणी, खडी आणि काच मिळून साधारण ६५ किलोंचा भार त्या चौकटीवर येतो आणि लोखंडाची एखादी उंचसखल जागा तळाची काच तडकवायला पुरेशी ठरते. झाकण मात्र निकृष्ट आहे. दिव्याची तार जेथून बाहेर येते तेथे रबरी कडी नाही, आणि हवा खेळायला मागे एकच बारीक फट ठेवलेली आहे.

फिल्टरच्या खोक्यावर ताशी ८८० लिटर असा आकडा छापलेला होता. तीन आठवड्यांनी मी त्याच्या तोटीखाली एक लिटरचे मापाचे भांडे धरले तेव्हा ते भरायला नऊ सेकंद लागले, म्हणजे प्रत्यक्ष प्रवाह ताशी ४०० लिटर. पाणी वर उचलताना आणि स्पंजमधून जाताना निम्मा जोर खर्च होणे स्वाभाविक आहे, आणि या आकाराच्या टाकीला ताशी ४०० लिटर पुरतातही. तेव्हा याबाबत फार तक्रार नाही, फक्त खोक्यावरचा आकडा खरा मानून कोणी माशांचा हिशेब करू नये.

आता मूळ प्रश्न. टाकीत किती मासे राहतील, असे विचारल्यावर दुकानदार म्हणाले, “तीस आरामात बसतील साहेब. आज पंधरा न्या, उरलेले पुढच्या महिन्यात.” त्यांनी त्याच दिवशी चार गोल्डफिश, सहा मॉली, दोन एंजल, दोन शार्क आणि काच साफ ठेवायला एक सकर असे पंधरा मासे पिशव्यांत भरून दिले. सगळे दीड इंचाच्या आसपासचे होते. संध्याकाळी टाकीत सोडल्यावर ती रिकामीच वाटत होती, आणि माझी मुलगी तर आणखी मासे का आणले नाहीत म्हणून रुसली.

या ठिकाणी नेहमीचे दोन नियम सांगायला हवेत. पहिला नियम दर गॅलनला एक इंच मासा असा आहे. अमेरिकी गॅलन म्हणजे सुमारे पावणेचार लिटर. दुसरा नियम पाण्याच्या पृष्ठभागावर बेतलेला आहे, कारण प्राणवायू पाण्यात मिसळतो तो मुख्यतः वरच्या थरातून. त्यानुसार उष्ण पाण्यातील लहान माशांसाठी दर इंचाला १२ चौरस इंच पृष्ठभाग धरतात, तर गोल्डफिशसारख्या थंड पाण्यातील आणि जास्त घाण करणाऱ्या माशांसाठी सुमारे ३० चौरस इंच. आमच्या टाकीचा पृष्ठभाग २८८ चौरस इंच, म्हणजे दुसऱ्या नियमाने २४ इंच मासे. पहिल्या नियमासाठी पाणी मोजावे लागते. कागदावर ही टाकी ५६ लिटरची असली, तरी काचेची जाडी, वर सोडलेली चार सेंटिमीटर जागा आणि दोन इंच खडी वजा केल्यावर माझ्या २० लिटरच्या बादलीने त्यात दोन बादल्या आणि वर एक तांब्या एवढेच पाणी मावले. चाळीस लिटर म्हणजे साडेदहा गॅलन, आणि म्हणून साडेदहा इंच मासे. एकाच टाकीसाठी एक नियम साडेदहा सांगतो आणि दुसरा चोवीस, यावरूनच या नियमांवर किती भरवसा ठेवावा हे कळावे.

शिवाय दोन्ही नियम लांबी मोजतात, शरीर मोजत नाहीत. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट होते, आणि तो खातो व उत्सर्जन करतो ते वजनाच्या मानाने, लांबीच्या नव्हे. एक इंचाच्या दहा टेट्रांची आणि दहा इंचांच्या एका ऑस्करची बेरीज सारखी आली, तरी त्या ऑस्करला या टाकीत नीट वळतासुद्धा येणार नाही.

त्या दिवशीच्या आमच्या पंधरा माशांची लांबी भरत होती साडेबावीस इंच. म्हणजे गोल्डफिशचा वेगळा भाव सोडला, तर त्या दिवसापुरता दुकानदाराचा हिशेब दुसऱ्या नियमाच्या २४ इंचांत बसत होता. गोम अशी की नियमात धरायची असते ती पूर्ण वाढ झालेल्या माशाची लांबी, पिशवीतल्या पिल्लाची नव्हे. गोल्डफिशच्या गोंडस शेपटीच्या जातीसुद्धा सहा ते आठ इंच होतात, एंजल पाच-सहा इंच वाढतो, मॉली तीन इंचांच्या घरात जाते. सकर म्हणून विकला जाणारा मासा एक फुटाच्या पुढे जातो आणि वाढल्यावर शेवाळापेक्षा खाद्याच्या दाण्यांतच अधिक रस घेतो. शार्क नावाने मिळणारा करड्या रंगाचा मासा मुळात आग्नेय आशियातील मोठ्या नद्यांमधला असून एक मीटरहून लांब होतो, म्हणजे त्याची लांबी आमच्या टाकीपेक्षा जास्त भरते. या दोन शार्कना बाजूला ठेवूनही बाकीच्या तेरा माशांची बेरीज मी साठ इंचांच्या वर मोजली, आणि त्यात गोल्डफिशसाठीचा वेगळा भाव लावलेलाच नाही.

अर्थात मासे वाढून टाकी अपुरी पडायला महिने लागले असते. आमची वेळ त्याआधीच आली. अकराव्या दिवशी सकाळी सगळे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून उभे होते. दोन मॉली आणि एक एंजल तोवर मेले होते. चाचणीच्या नळीतले पाणी गर्द हिरवे झाले, म्हणजे माशांना विषारी असणारा अमोनिया दर लिटरला २ मिलिग्रॅम. नव्या टाकीत हे होणारच असते, कारण माशांच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो आणि त्याचे आधी नायट्राइटमध्ये व मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू स्पंजवर आणि खडीवर रुजायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. पहिल्या दिवशी टाकीची खरी क्षमता जवळजवळ शून्य असते. हे दुकानात कोणीही सांगितले नाही. उलट दर आठवड्याला स्पंज नळाखाली स्वच्छ धुवायला सांगितले होते, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन नेमके तेच जिवाणू मारते. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा.

पुढे रोज एक बादली पाणी बदलत बदलत आठवडा काढला आणि उरलेले बाराही मासे दुकानात परत नेऊन दिले. दुकानदारांनी ते कुरकुर न करता घेतले, पैसे मात्र परत केले नाहीत, त्याऐवजी खाद्याचे दोन डबे दिले. टाकी रिकामी चालू ठेवून, रोज चिमूटभर खाद्य घालून जिवाणू जगवले. सहाव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तेव्हा चार झेब्रा डॅनिओ आणले, तीन आठवड्यांनी आणखी चार, आणि शेवटी हनी गौरामीची एक जोडी. झेब्रा डॅनिओ शेपूट वगळून दीड इंच आणि गौरामी दोन इंच, अशी मिळून १६ इंचांची बेरीज होते, म्हणजे दोन नियमांच्या मधोमध. दोन्ही जाती आपल्याच उपखंडातल्या आहेत, आणि गौरामी गरज पडल्यास पृष्ठभागावरून थेट हवा घेऊ शकतो.

हा शेवटचा गुण उन्हाळ्यात उपयोगी पडला. वीस अंश तापमानाच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशांना तो साडेसातवर येतो, आणि याच काळात माशांची गरज मात्र वाढलेली असते. एप्रिलमध्ये आमच्या टाकीतले पाणी ३१ अंशांवर गेले, तेव्हा ते निकृष्ट झाकण मी पुढून चार बोटे उघडे ठेवू लागलो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा तीन-चार तास फिल्टर आणि पंप दोन्ही बंद असतात. सोळा इंच मासे ते सहन करतात. तीस मासे असते तर मला दर गुरुवारी रजा टाकावी लागली असती.

सध्या आठवड्याला दहा लिटर पाणी बदलतो आणि बदलण्याआधी नायट्रेट मोजतो. ते दर लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली राहते. हाच आकडा मला इंचांच्या बेरजेपेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो, कारण त्यात माशांचे वजन, माझा खाद्य घालणारा सैल हात आणि फिल्टरची खरी ताकद ही सगळी आपोआप धरली जातात. आठवड्याच्या शेवटी तो चाळीसच्या पुढे जाऊ लागला, तर मासे जास्त झाले किंवा खाद्य जास्त झाले असे समजावे. मुलीला आणखी चार मासे हवे आहेत. पृष्ठभागाच्या नियमाने जागा आहे, पण पाणी बदलणारा मीच असल्यामुळे मी अजून होकार दिलेला नाही.

टाकी आणि स्टँड यांना मी पाचपैकी साडेचार गुण देतो, फिल्टरला साडेतीन, झाकणाला दीड. दुकानातून मिळालेल्या सल्ल्याला गुण देत नाही. संच घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा, मात्र त्या दिवशी फक्त टाकी घरी आणावी, अमोनिया आणि नायट्रेट तपासण्याचे किट त्याच बिलात घालून घ्यावे, आणि माशांसाठी दीड महिन्याने पुन्हा जावे. त्या वेळी प्रत्येक माशासमोर उभे राहून “हा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो?” एवढे विचारावे. मी दुसऱ्या खेपेला शार्कबद्दल हे विचारले तेव्हा दुकानदारांनी दोन्ही हात पसरून दाखवले आणि स्वतःच हसले.