मोबाईलच्या नेटवर तीन महिने लॅपटॉप चालवला, त्याचा खरा अनुभव

आमचं गाव परभणी जिल्ह्यातल्या सेलूपासून बरंच आत, ब्रॉडबँडची वायर अजून आलेली नाही आणि माझं काम म्हणजे मोंढ्यातल्या एका आडत दुकानाची जीएसटीची बिलं घरी बसून लॅपटॉपवर भरायची, म्हणून मार्चपासून सगळं मोबाईलच्या हॉटस्पॉटवरच (फोनचंच नेट वायफायनं लॅपटॉपला द्यायचं) चालू आहे. ज्यांचं असंच अडलंय त्यांच्यासाठी लिहितेय.

एका लॅपटॉपला हे नेट पुरतं. बिलं भरणं, मेल, पोर्टल उघडणं, व्हिडिओ कॉलवर शेठजींना हिशोब दाखवणं, सगळं झालं. लाईट गेली तरी नेट जात नाही, हे आपल्या इकडं लई मोठं आहे.

पण पहिला आठवडा वैतागले. घर माळवदाचं, भिंती मातीच्या जाडजूड, फोन आतल्या खोलीत आणि मी ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या ओसरीत, तर नेट पोचंच ना. मग कळलं की हॉटस्पॉट 5 गिगाहर्ट्झच्या बँडवर होता, त्याला स्पीड चांगला पण भिंतीतून जायची ताकद कमी, सेटिंगमधी 2.4 वर आणला तेव्हा ढाळजेपर्यंत आला. आणि फोनलाच आत टॉवर धरत नसेल तर बँड बदलून काय होणार, म्हणून फोन आता खिडकीशेजारच्या दिवळीत (भिंतीतल्या कोनाड्यात) ठेवते. जागा बदलल्यानं जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानं पडला नाही.

खरा त्रास उन्हाळ्यात. मे महिन्यात परभणीकडं पारा 42 च्या पुढं, त्यात फोन एकीकडून टॉवरचं नेट घेतोय, दुसरीकडून वायफाय सोडतोय आणि वरून चार्जिंगला लावलेला, हातात धरवत नव्हता इतका तापायचा आणि चार्जिंग आपोआप थांबायचं. तेव्हापासून मी यूएसबी टेदरिंग करते, म्हणजे फोनचं नेट केबलनं लॅपटॉपला देते, त्यात फोनला वायफाय सोडावं लागत नाही म्हणून कमी तापतो, लॅपटॉपवरूनच चार्ज होतो आणि नेट मधीच तुटत नाही. फक्त केबल डेटावाली पाहिजे, नुसती चार्जिंगची असली तर टेदरिंगचं बटण चालूच होत नाही, माझी पहिली केबल तसलीच निघाली. ब्लूटूथवरही करून बघितलं, बॅटरी कमी खातं पण इतकं हळू की मेल आणि व्हॉट्सॲपच्या पुढं जाऊ नका.

डेटाचं आधीच सांभाळा. माझा रोजचा 2 जीबीचा पॅक आहे, संपला की स्पीड 64 केबीपीएसवर येतो, मग साधं पोर्टलसुद्धा उघडत नाही. एकदा सकाळी दहालाच सगळा संपला, मी तर काहीच डाउनलोड केलं नव्हतं, बघते तर विंडोज गुपचूप अपडेट ओढत बसलेलं. त्या वायफायच्या सेटिंगमधी 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, म्हणजे विंडोज नेट जपून वापरतं, हे सगळ्यात आधी. केबलनं जोडलं तर लॅपटॉप त्याला वेगळं कनेक्शन धरतो, तिथं परत चालू करावं लागतं.

टीव्हीला मात्र जोडू नका. सुट्टीत भाचा आला, त्यानं कार्टून लावलं, तासा-दीड तासात सगळा डेटा खलास आणि वरून मलाच, "मावशी, टीव्ही नुसता गोल गोल फिरायलाय गं!" लेकराला काय बोलणार. पासवर्डही सोपा ठेवू नका, माझा एक ते आठ आकडे होता, शेजारची पोरं ओट्यावर बसून जोडायची, आता अवघड ठेवलाय.

एक अडचण अजून सुटलेली नाही. अण्णांकडं साधा फोन आहे, ई-पीक पाहणीला, म्हणजे पिकाची नोंद ॲपवर करायला, ते माझा फोन शेतात घेऊन गेले की घरचं नेटही शेतात जातं आणि मी बिलं अर्धी टाकून बसते. म्हणून आता जुन्या फोनमधी वेगळं सिम टाकून तो कायमचा दिवळीत ठेवायचा विचार आहे, पण त्याची बॅटरी थोडी फुगल्यासारखी वाटतीय, आधी ती बदलून घेणार.