पॅरिसचा ‘आठवड्याचा पास’ आम्हाला केवढ्याला पडला

लंडनमध्ये चार वर्षं राहून मला एक खोड लागली आहे. ट्यूब असो की बस, बँकेचं कार्ड यंत्राला टेकवायचं आणि पुढे चालू लागायचं. तिकीट काढायचं असतं हेच विसरायला होतं. जून 2025 मध्ये सांगलीहून आलेल्या आईला घेऊन युरोस्टारने पॅरिसला गेलो आणि गार द्यु नॉर स्टेशनात मेट्रोच्या फाटकाला सवयीने तेच कार्ड लावलं. फाटक ढिम्म. पॅरिसच्या मेट्रोत बँकेचं कार्ड असं थेट चालत नाही, हे मला तिथे कळलं, हातात दोन बॅगा आणि मागे खोळंबलेली माणसं असताना.

तिकिटाच्या यंत्रांपुढे ही लांब रांग. तेवढ्यात “नमस्ते!” ऐकू आलं. निळं जाकीट, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पट्टी, हातात मेट्रोचा नकाशा. ओळखपत्रावर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. (आईने वाचायचा प्रयत्न केला होता, पण ते उलटं लटकत होतं.) किती दिवस आहात, हॉटेल कुठे, एवढं विचारून तो म्हणाला, सुटी तिकिटं महाग पडतील, आठवड्याचा पास घ्या, आज शुक्रवार म्हणजे पुढच्या गुरुवारपर्यंत चालेल. माणशी 45 युरो. तुमचं कार्ड यंत्र घेणार नाही, मी माझ्या कार्डाने काढतो, तुम्ही मला रोख द्या.

यंत्राचा पडदा फ्रेंचमध्ये. त्याची बोटं इतकी भराभर चालली की मला फक्त रंग बदलताना दिसले. दोन नवी कोरी कार्डं हातात आली, 90 युरो त्याच्या खिशात गेले, पावतीही तिकडेच गेली. “लावून बघा,” तो म्हणाला. लावलं, फाटक उघडलं. मी त्याला चक्क मनापासून धन्यवाद दिले.

4 नंबरच्या लाइनने मोंपार्नासला उतरलो. संध्याकाळी आयफेल टॉवरसाठी 6 नंबरची लाइन पकडायला गेलो तर लाल दिवा. आईचंही कार्ड लाल. खिडकीतल्या बाईंनी दोन्ही कार्डं यंत्रावर ठेवली आणि सांगितलं: यात एकेकच तिकीट होतं, ते वापरून झालं.

मग हिशेब कळला. ते नाविगो ईझी नावाचं कार्ड, रिकामं 2 युरोला मिळतं. मेट्रोचं तिकीट तेव्हा 2.50 युरो. म्हणजे त्याचा खर्च दोघांचा मिळून 9 युरो, आणि 81 युरो त्याची कमाई. पहिल्या प्रवासापुरतं खरं तिकीट भरलं होतं ते उगाच नाही. फाटक उघडलं की गिऱ्हाईक खूश, आणि दुसऱ्यांदा ते बंद दिसेपर्यंत तो कुठे सापडणार?

आठवड्याचा खरा पास सोमवार ते रविवार असतो. शुक्रवारी घ्यायला गेलात तर पुढच्याच आठवड्याचा मिळतो. तो ईझी कार्डावर भरताच येत नाही. त्याला फोटोचं वेगळं कार्ड लागतं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, “मला तेव्हाच वाटलं होतं. अरे, एसटीच्या पासाला फोटो लागतो, आणि यांना नको?”
“मग बोलली का नाहीस?”
“तू इंग्रजीत बोलत होतास ना एवढं.”

पर्यटकांसाठी एक, दोन, तीन आणि पाच दिवसांचे वेगळे पासही आहेत, पण तेही यंत्रावर स्वतःच काढावेत. पडद्यावर इंग्रजीची सोय असते, मी ती शोधलीच नव्हती. माझं लंडनचं बँकेचं कार्डही तिकिटाच्या यंत्राने निमूट घेतलं. कोणी तुमच्या वतीने पैसे भरायला पुढे आला की तिथेच “नको” म्हणा, आणि रांग मोठी असेल तर उभे राहा. कोणी भरलेलं कार्ड दिलंच तर आधी यंत्रावरच्या कार्ड ठेवायच्या जागी ठेवा. आत काय आहे ते पडद्यावर दिसतं. आणि माणशी एक कार्ड हवं, एकावर दोघं जाता येत नाही.

नंतरचे दिवस त्याच दोन कार्डांत तिकिटं भरून फिरलो. रोज सकाळी आई कार्ड यंत्रावर ठेवून किती उरलीत ते मोजायची. कार्ड 10 वर्षं चालतं म्हटल्यावर तिने दोन्ही पर्समध्ये टाकली आणि सांगलीला नेली. एवढ्या पैशांची वस्तू टाकून कशी द्यायची, म्हणते.