फुकटची पीएचपी की परवान्याचं डॉट नेट: सोलापूरच्या कामाला काय परवडतं

वेबवरचं सॉफ्टवेअर लिहायला पीएचपीसारखी फुकटची भाषा घ्यावी की मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटसारखं पैसे मोजून येणारं काही, हे सोलापुरात मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एक, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले कारखानदार, ज्यांना साठा आणि ऑर्डरी ब्राउझरमध्ये बघायच्या असतात. दुसरी, नुकतंच इंजिनिअरिंग संपवून पुण्याला न जाता इथंच काम काढू पाहणारी पोरं. दोन्हींवर काम करून मी पीएचपीकडे राहिलोय, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना माझं पारडं कुठं झुकतंय ते ध्यानात असू द्या.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. ‘डॉट नेट म्हणजे पैशाची भाषा’ हे आता अर्धंच खरं आहे. मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये डॉट नेट कोअर मोफत आणि मुक्त स्रोत म्हणून आणलं, ते लिनक्स या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरही चालतं. डॉट नेटची भाषा सी शार्प, ती लिहायला पैसे पडत नाहीत. प्रोग्राम लिहायचं साधन व्हिज्युअल स्टुडिओ, त्याची कम्युनिटी आवृत्तीसुद्धा लहान कंपनीत पाच जणांपर्यंत फुकट वापरता येते. पैसे लागतात ते भोवतीच्या सामानाला: विंडोज सर्व्हर, एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस, आणि त्यांना जोडणाऱ्या प्रत्येकाचा परवाना. पण आपल्याकडे डॉट नेटचं कोटेशन मागितलं की बहुतेक वेळा हे सगळं गाठोडंच समोर येतं, म्हणून तुलना त्या गाठोड्याशी करतोय.

खऱ्या अर्थानं पैशाची भाषा म्हणायची तर कोल्डफ्यूजन. १९९५ ची, म्हणजे पीएचपीच्याच वयाची. अ‍ॅलेअर, मग मॅक्रोमीडिया, मग अ‍ॅडोबी असा तिचा प्रवास झाला, आणि तिचं इंजिनच विकत घ्यावं लागतं. तीच भाषा चालवणारं ल्युसी नावाचं फुकट इंजिनही आहे. पण सोलापुरात तिचा माणूस शोधणं म्हणजे दिवसा कंदील लावणं. सोडून देऊ.

आता पैशाच्या बाजूचं कौतुक, आणि ते मनापासून. डॉट नेटमध्ये काम करणं सुखाचं आहे. जीएसटीच्या बिलात एका रकान्याचं नाव बदललं, तर तो जिथं जिथं वापरलाय तिथं तिथं लाल रेघ उमटते आणि प्रोग्राम तयारच होत नाही. पीएचपीत तीच चूक संध्याकाळी पॅकिंगचा कारकून बटण दाबतो तेव्हा कळते, आणि फोन तुम्हाला येतो. पीएचपी ७ पासून कुठं आकडा येणार, कुठं मजकूर, हे प्रकार लिहून ठेवायची सोय बरीच वाढली, चुका आधी हुडकणारी साधनंही आहेत. पण ती वापरायची शिस्त तुम्हाला लावून घ्यावी लागते. डॉट नेटमध्ये ती आपोआप लागते.

टिकाऊपणाही तिकडंच जास्त, निदान जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कपुरता. त्याची ४.८ आवृत्ती विंडोजबरोबरच सांभाळली जाते. ज्या विंडोजवर ती आहे त्याला आधार आहे तोवर तिलाही आहे. याउलट पीएचपी ७ नं डिसेंबर २०१५ मध्ये मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शनं काढूनच टाकली, आणि ५.६ चा आधार ३१ डिसेंबर २०१८ ला संपला. स्वस्त होस्टिंगवाल्यांनी आवृत्ती वर सरकवली आणि कितीतरी साइट रातोरात कोऱ्या पानावर आल्या. एखाद्या पतसंस्थेला एकदा बनवून दहा वर्षं हात न लावायचं काम हवं असेल, तर फुकटचं फुकट राहत नाही. दर काही वर्षांनी आवृत्ती बदलायचे पैसे बाजूला ठेवावेच लागतात.

मराठीच्या बाबतीत दोघंही छळतात, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी. पीएचपीला ‘सोलापूर’ची लांबी स्ट्रलेन या साध्या फंक्शननं विचारली तर ती २१ सांगते, कारण ती अक्षरं नाही, साठवणीचे बाइट मोजते, आणि मराठीत एका चिन्हाला तीन बाइट लागतात. एमबी_स्ट्रलेन विचारलं की ७ येतं, मात्रा वेगळ्या धरून. लेबलवर नाव बसवायला साध्या फंक्शननं कापलंत तर शेवटचं अक्षर मधोमध तुटतं आणि तिथं काळा चौकोन छापला जातो. सी शार्प सरळ ७ म्हणतं. पण एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकान्याचा प्रकार साधा व्हारकॅर ठेवला, किंवा क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या हुकमात, मजकुराच्या आधीचा ‘एन’ लिहायचा राहिला, की ग्राहकाच्या नावाच्या जागी ओळीनं प्रश्नचिन्हं. हे जास्त वाईट. तुटलेलं अक्षर छापील कागदावर पुन्हा नीट करता येतं, प्रश्नचिन्हं झालेला मजकूर परत येत नाही. तरी ही बरोबरीच समजा. दोन्हींवरचा इलाज माहीत असला की एका दुपारचं काम आहे.

माझा निर्णय ज्यानं केला तो त्रास प्रोग्रामिंगचा नव्हताच, तो मोजणीचा होता.

एका टॉवेल कारखान्याचं काम होतं. पॅकिंगच्या टेबलापाशी एक कॉम्प्युटर, त्यावर दिवसपाळी आणि रात्रपाळीची माणसं आलटून पालटून बसणार. सर्व्हरशी जोडल्या जाणाऱ्यांसाठी कॅल नावाचा परवाना लागतो, तो माणसामागे घेता येतो किंवा यंत्रामागे. इथं यंत्रामागे स्वस्त. पण जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, तोच साठा स्वतःच्या मोबाइलवरही बघणार, म्हणजे दुसरं यंत्र. मालकांचा मुलगा पुण्यात, त्याच्याकडे लॅपटॉप आणि दोन फोन, म्हणजे त्याच्यासाठी माणसामागे स्वस्त. मग वाटतं, मधे वेबसाइट आहे, डेटाबेसमध्ये तर ती एकाच नावानं शिरते, एका कॅलवर भागेल. भागत नाही. मधे कितीही थर घाला, टोकाला बसलेली माणसं किंवा यंत्रंच मोजायची, असा स्पष्ट नियम आहे.

एवढं जुळवलं तोवर मालक म्हणाले, मुंबईच्या आणि इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांनाही साठा दिसू दे की. बाहेरची माणसं किती येतील ते कुणी मोजायचं? म्हणजे एसक्यूएल सर्व्हरपुरतं कॅल सोडून सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये जितके कोअर, म्हणजे काम करणारे भाग, त्यांवर परवाना घ्यायचा. कोअरचे परवाने जोडीनं मिळतात आणि कमीत कमी चार घ्यावे लागतात, व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे सर्व्हरच्या आत बनवलेल्या आभासी कॉम्प्युटरला, तुम्ही दोनच दिले असले तरी. विंडोज सर्व्हरचा हिशेब आणखी निराळा, तिथं किमान १६ कोअर धरतात. परवाने विकणाऱ्या दोघांकडून कोटेशन मागवलं तर दोघांची मोजणी वेगळी, आणि एकाकडून तेही आठवडाभर फोन करून.

मालक वैतागले. म्हणाले, “सर, लूम घेतल्यावर त्यावर किती माणसं राबतात ते मोजायला लूमवाला येत नाही. तुम्ही मला एक आकडा सांगा की.”

तो एक आकडा मला पैशाच्या बाजूनं देता येईना. रक्कम मोठी होती हे खरं, पण तिच्यापेक्षा जास्त खटकलं ते हे, की गिऱ्हाइकानं एक साधी सोय मागितली की हिशेब मुळापासून बदलतो. पीएचपी, लिनक्स आणि मारियाडीबी हा फुकटचा डेटाबेस घेतल्यावर त्याच बैठकीत सांगता आलं: सर्व्हरचं महिन्याचं भाडं इतकं, माझं काम इतकं, वर्षाची देखभाल इतकी. व्यापारी दहा आले काय नि शंभर आले काय, फार तर सर्व्हर थोडा मोठा घ्यायचा. चिंचोळी एमआयडीसीत दुसरं युनिट काढलं तरी तोच हिशेब पुढं चालतो.

कुणी म्हणेल, एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती फुकट आहे की. आहे, आणि छोट्या दुकानाला, दवाखान्याला ती छान पुरते. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा होती, २०२५ च्या आवृत्तीत ती ५० केली आहे. टॉवेलच्या डिझाइनचे फोटो डेटाबेसात न कोंबता फोल्डरमध्ये ठेवलेत तर एवढ्यात बरंच मावतं. मेमरी मात्र ती बेतानंच वापरते, त्यामुळं महिनाअखेरीला सगळे एकदम रिपोर्ट काढायला बसले की जाणवतं. निदान मला तरी जाणवलं.

माणसांचा प्रश्नही थोडा याच बाजूला झुकतो. इथल्या कॉलेजांतून पीएचपी येणारी पोरं सहज मिळतात, शिकवावी लागतात पण मिळतात. डॉट नेटमध्ये हात बसलेला पोरगा वर्षभरात हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला निघून जातो, आणि त्याचं चुकतंय असंही नाही. पीएचपीवाले जातात तेव्हा निदान दुसरा लवकर उभा करता येतो.

तुमचं गणित वेगळं असू शकतं. टेंडरमध्येच विंडोज लिहिलेलं असेल, किंवा कारखान्यात आधीपासून परवाने घेतलेला सर्व्हर पडून असेल, तर माझं ऐकू नका, डॉट नेटच घ्या. आणि तुमच्याकडे सी शार्पवाली चांगली पोरं असतील तर मधली वाटही आहे: नवं डॉट नेट लिनक्सवर, खाली पोस्टग्रेस हा फुकटचा डेटाबेस. परवान्याचे पैसे शून्य, लाल रेघांचं सुख तसंच. फक्त तिथंही दीर्घ आधाराची आवृत्ती तीन वर्षांनी बदलावी लागते, जुन्या फ्रेमवर्कचा निवांतपणा मिळत नाही. मी आज नव्यानं सुरुवात केली असती तर कदाचित याचाही विचार केला असता. तरी हातात लॅरावेल, पीएचपीचं फ्रेमवर्क, बसलंय आणि गिऱ्हाइकं खूश आहेत, तेव्हा मी काही हलत नाही.

परवान्याचंच घ्यायचं ठरलं, तर कोटेशन देणाऱ्याला आजच्या माणसांचा हिशेब विचारू नका. दोन वर्षांनी बाहेरचे व्यापारी आत घेतले, दुसरं युनिट जोडलं आणि रात्रपाळी वाढवली तर किती होईल, ते त्याच्याकडून लेखी घ्या. तो आकडा बघून मग ठरवा.